पूर्णगडचं काकण

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर आत्माराम शिवलकर कंट्रोलर होता. कुठली गाडी कुठे अडकलीय हे त्याला न बघता सांगता येई. पक्षी मात्र कॅमेरा डोळ्याला लावला की हमखास हरवे. कॅमेरा बोटीवर नोकरीला असलेल्या मेहुण्याने जपानहून आणलेला, त्यामुळे दोष काढायला आत्मारामशिवाय दुसरं कोणी उरत नसे. "जपान्यांनी मशीन झ्याक केलंनी," तो स्वतःच म्हणे, "पन तेच्यामागं कोन उभा ऱ्हानार, ता त्यांना कुनी सांगितलंन न्हाय."

रविवारी संध्याकाळी मांडवीला आप्पा मयेकरांच्या पडवीत छायाचित्रांची वेडी मंडळी जमत. आप्पांचा फोटो स्टुडिओ होता, प्रोजेक्टरही त्यांचाच. जो तो आपल्या स्लाइड्स दाखवी. कुणाचा खंड्या, कुणाची भाट्याची खाडी. आत्मारामच्या स्लाइडमध्ये भरपूर आकाश आणि एक ठिपका. मग तो वेताची काठी घेऊन पडद्यापाशी जाई, ठिपक्यावर टेकवी आणि पक्ष्याचं नाव सांगे. मंडळी "वा!" म्हणत, कारण चहा अजून यायचा असे.

शहाऐंशी साली मुंबईच्या एका प्रदर्शनाला मंडळींतर्फे एक स्लाइड जायची होती. ती आपली असावी, जन्मात एकदा तरी, असं आत्मारामला अगदी लाज वाटण्याइतकं वाटू लागलं. समुद्रगरुड टिपायचाच, म्हणून त्याने पूर्णगड गाठला. समुद्रगरुडाला तिकडे काकण म्हणतात. बायकांच्या हातातल्या बांगडीलाही काकणच. कुठलं ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. बायको मालन डबा घेऊन सोबत होती. "तू मधे येव नको हां," एवढं त्याने तिला दहादा बजावलं. काकण आलं, डोक्यावरून गेलं, आत्माराम खटके दाबत गर्रकन फिरला आणि बुरुजावर सपशेल आडवा झाला.

स्लाइड्स धुऊन आल्या त्या रविवारी आप्पांच्या पडद्याला नेमके उंदीर लागलेले. आत्मारामने उत्साहाने घरची पांढरी चादर आणून टांगली. चादर धड परत यावी म्हणून मालनही आली आणि मागे बसली.

पहिली स्लाइड पडली. आकाश, आणि त्यात चांगला बोराएवढा ठिपका! आत्मारामची छाती फुगली. "हां बघा काकण! पंख बघा कसे पसरलेत!" मंडळी या वेळी खरोखरच पुढे सरकली. दुसऱ्या स्लाइडवर गडाची तटबंदी, तिथेही काकण. तिसरी मांडवीच्या जेटीची, आणि काकण त्याच जागी. पक्षी पूर्णगडाहून इथवर पाठोपाठ आलेला पाहून आप्पांना खोकला आला.

"अवो," मागून मालन म्हणाली, "तां काकण न्हाय. तो बोंडूचा डाग हाय. गेल्या साली काजूची बोंडवं खाताना तुमीच पाडलाव न्हव!"

पडवी गदगदा हलली. सगळ्यांत मोठ्याने आत्माराम हसला, दुसरं काय करणार? पण यंदाचीही संधी गेली. "बंद करा आता," तो आप्पांना म्हणाला. पण शेवटची एक राहिली होती, आणि आप्पांचा हात पुढे गेला होता.

ती त्याला काढून टाकायची होती. पडता पडता खटका दाबला गेलेला, आणि बुरुजावर मालन मधे आलेली. डोळ्यांवर हात धरून, तोंड उघडं टाकून ती वर बघत होती, आयुष्यात पहिल्यांदाच आकाश बघितल्यासारखी. हिरव्या बांगड्या मनगटावरून खाली ओघळल्या होत्या. पक्षी कुठेच नव्हता.

चहा यायचा होता, तरी कुणी "वा" म्हणालं नाही. इतकी वर्षं आत्माराम हिला बाजूला हो म्हणत आला होता.

"हीच जाईल," आप्पा म्हणाले. "नाव काय घालू?"

"घाला, काकण."

"इश्श! पन काकण खय हाय त्यात?" मालनने विचारलं.

आत्मारामने काठी उचलली, पडद्यापाशी गेला आणि ती तिच्या मनगटावर हलकेच टेकवली.