नंबराप्रमाणे

सरकारी दवाखान्याच्या खिडकीत बसून तीस वर्षं केसपेपर लिहिणाऱ्या माणसाला सगळे काकाच म्हणायचे. तोंडाचे महाफटकळ, पण नजर अशी की चेहऱ्याकडे एकदा बघितलं की पुरे. पेशंट कितीही "काही नाही हो, जरा गॅस झालाय" म्हणेना का, त्याचा रंग उतरलेला दिसला की काका केसपेपरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं रेघ ओढायचे. आत डॉक्टर ती रेघ बघून त्यालाच आधी घ्यायचे. कुठल्या नियमात बसत होतं हे? कुठल्याच नाही!

पण त्याच खिडकीतून वशिलेही घुसायचे. आज साहेबांचा मेव्हणा, उद्या कुणाची चिठ्ठी घेऊन आलेला. काकांचा नुसता जळफळाट व्हायचा. म्हणून नंबर देणारं यंत्र आलं तेव्हा सगळ्यात जास्त तेच हरखले. खिडकी बंद झाली आणि काका यंत्राशेजारी उभे राहून लोकांना बटणं दाबून द्यायला लागले. "आता साहेब असो नाहीतर हमाल, नंबराप्रमाणेच!" असं येईल त्याला ऐकवायचे. आणि खोटं थोडंच होतं ते? याला सुधारणा म्हणायचं नाही तर कशाला?

एका सोमवारी ऐन गर्दीत त्यांची बायको आली. "अहो, सकाळपासून पाठ दुखतेय, घाम थांबत नाही. जरा आत सांगता का?"

"अगं, मीच मध्ये घुसवलं तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या. बस बाकावर, नंबर येईल."

बटण त्यांनीच दाबलं. पुढे एकोणसाठ माणसं होती. ती बिचारी मुकाट्यानं जाऊन बसली. तासाभरानं शेजारची बाई किंचाळली, तेव्हा ती बाकावर कलंडलेली होती. डॉक्टर धावत आले, पण सगळं संपलं होतं.

आठवड्यानं दवाखान्याचे मोठे साहेब भेटायला घरी आले. भला माणूस. म्हणाले, "काका, मी स्वतः तपासलं. एकही नंबर मागेपुढे झालेला नाही." धीर द्यायलाच म्हणाले हो ते! एवढं चोख काम, आणि घरातलं माणूस गेलेलं. बोल लावायचा तरी कुणाला?

साहेब गेल्यावर मुलगी जवळ येऊन बसली. तिच्या आवाजात राग असता तरी बरं झालं असतं. "बाबा, आई तुमच्यासमोर आली तेव्हा कशी दिसत होती?"

काकांनी खूप आठवून बघितलं. मग हमसाहमशी रडायला लागले.

"मी बघितलंच नाही गं. मान वर करून बघितलंच नाही."