भिंतीकडचा कठडा

आमच्या इमारतीला चार मजले आहेत आणि लिफ्ट नाही. जिन्याला कठडा आहे, तो एकाच अंगाला, म्हणजे मोकळ्या बाजूला. दुसऱ्या अंगाला नुसती भिंत. चढताना हा कठडा उजव्या हाताला येतो आणि उतरताना डाव्या. धडधाकट माणसाच्या ही गोष्ट जन्मभर लक्षात येत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे नळकाका आजारी पडेपर्यंत आमच्यापैकी कोणाच्याही ती लक्षात आली नव्हती.

नळकाका नळदुरुस्तीचे काम करीत. नाव मुलांनी ठेवले आणि मोठ्यांनी उचलले. बुटके, रुंद खांद्यांचे, तोंडाचा पट्टा अखंड चालू असणारे गृहस्थ. कोणाच्या तरी स्वयंपाकघरात उताणे पडून, डोके सिंकखाली घालून ते बोलत, त्यामुळे घरमालकिणीला त्यांच्या तळपायांशी संभाषण करावे लागे. "वहिनी, चमचे मोजून घेता का हो कधी? इथं अर्धा डझन सापडलेत. सून आणायच्या आधी हा पाइप साफ करून घ्या, नाहीतर तिच्यावर आळ येईल!" इमारतीतील असे एकही घर नसेल ज्याच्या मोरीत ते कधी ना कधी गुडघ्यावर बसले नव्हते.

त्यांचा रक्तदाब वाढलेला आहे हे कोणाला ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही. दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी एक याप्रमाणे कायमच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. काका त्या डोके जड वाटेल त्याच दिवशी घेत. यावरून घरात होणारी खडाजंगी खालच्या मजल्यावर आम्हांला स्पष्ट ऐकू येई.

"अहो, गोळी घेतलीत का?"

"आज बरं वाटतंय."

"बरं वाटलं तरी घ्यायची असते. बाईंनी दोनदा बजावलंय."

"अगं, उभा जन्म दाबाचंच काम करतोय मी. पाइप एकदम फुटत नाही. आधी सांध्यातून थेंब येतो, मग धार लागते, मग फुटतो. माझा थेंब येऊ दे, मग घेतो तुझी गोळी."

"तुमच्यापुढे कोण बोलणार! सगळं जग म्हणजे नळच."

काकांचे चुकले ते इथे, आणि ही चूक नळवाल्यालाच शोभणारी होती. लोखंडी नळ्या त्यांच्याशी आयुष्यभर इमानाने वागल्या होत्या. प्रत्येकीने आगाऊ सूचना दिली होती. शरीरातील नळ्यांना हा शिष्टाचार ठाऊक नसतो. वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे मुकाट्याने आपले काम करीत राहतो, आणि ज्याला काहीच होत नाही तो माणूस स्वतःला निरोगी समजतो.

एके दिवशी सकाळी इमारतीच्या मुख्य नळाचा सांधा निखळला. पाणी बंद झाले आणि प्रत्येक मजल्यावरून हाका सुरू झाल्या. काका चहा अर्धा टाकून खाली गेले. काम निम्मे झाले असेल-नसेल तोच पाना त्यांच्या उजव्या हातातून गळून पडला. उचलला, पुन्हा पडला. ते काही बोलले, ते कोणाला समजले नाही. इमारतीच्या समितीचे अध्यक्ष खांद्यावर टॉवेल टाकून शेजारीच उभे होते.

"काय काका, सकाळी सकाळीच घेतलीत की काय?" ते म्हणाले, आणि आजूबाजूची मंडळी हसली.

तोंड एका बाजूला ओढले गेले आहे हे दोघा-तिघांनी पाहिले. हात आखडला असेल, मुंग्या आल्या असतील, असे निदानही झाले. काकांनी डाव्या हाताने पाना धरला आणि कसाबसा सांधा आवळला. त्याला फार वेळ लागला. तो सारा वेळ लोक कचेरीला उशीर होत असल्याची कुरकुर करीत उभे होते. पाणी आले. मग काका भिंतीला टेकून खाली बसले. कोणीतरी त्यांना चहा पाजला, तो निम्मा सदऱ्यावर सांडला. थोडे पडून राहिले की बरे वाटेल, असे सर्वानुमते ठरले. काकूंना बोलावणे गेले तेव्हा ऊन चढले होते.

"मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध पहिल्या काही तासांतच देता येतं," इस्पितळातील तरुण डॉक्टर म्हणाले. "इतका वेळ कुठं होतात तुम्ही?"

ते तास कशात गेले हे काकूंना माहीत नव्हते. ज्यांना माहीत होते ते आंघोळी करून कामावर गेले होते.

काका वाचले. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि बोलण्याची चाळण झाली. मनात शब्द असे, पण तोंडापर्यंत यायला त्याला इतका वेळ लागे की विचारणारा तोवर दुसऱ्या विषयावर गेलेला असे. काठी घेऊन दालनाच्या टोकापर्यंत चालू लागल्यावर त्यांना घरी सोडले. इस्पितळाच्या लेखी ते बरे होऊन चालत गेले. आमच्या जिन्यावरून मात्र त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी वर नेले.

व्यायाम शिकवायला एक बाई घरी येऊ लागल्या. काकांनी घाम गाळला. घरात चालू लागले, डाव्या हाताने जेवू लागले, आणि गोळी तर आता काकूंनी आठवण करून देण्याआधी मागून घेऊ लागले. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानापुढे, जिथे त्यांचे समव्यवसायी बसत, तिथे पुन्हा जाऊन बसायचे, एवढेच त्यांना हवे होते. एका सकाळी ते डाव्या हाताने कठडा धरून एकटेच खाली उतरले. दुकानापाशी एकच जल्लोष झाला. परत आले तेव्हा जिन्याच्या तळाशी त्यांना कळले, की चढताना कठडा मेलेल्या हाताकडे आहे.

दुकानातील हमालांनी त्यांना उचलून वर आणले. "क... कपाट," दारात टेकवल्यावर काका म्हणाले. स्वतःला हसण्याचा तो त्यांचा प्रयत्न होता, पण कोणी हसले नाही. त्यानंतर, परतताना कोणीतरी उचलून आणावे लागेल म्हणून, ते कुठेही जाईनात.

उपाय सोपा होता. भिंतीच्या अंगाने एक पाइप ठोकायचा. पाइप काकांच्या गॅलरीत पडून होता, अडकवायचे क्लॅम्पही होते. दुकानापुढचे मित्र फुकट बसवून द्यायला तयार होते. हवी होती ती भिंतीला भोके पाडण्याची परवानगी. काकूंनी ती मागितली. "पुढच्या सभेत घेऊ," अध्यक्ष म्हणाले.

सभा लांबत गेली. दरम्यान व्यायामाच्या बाईंनी एक युक्ती शिकवली. जिन्याकडे पाठ करून उभे राहायचे, म्हणजे कठडा डाव्या हाताला येतो, आणि मग एकेक पायरी उलटे चढायचे. वर काकू पाठीशी हात धरून उभ्या राहत. काका पडले, त्यांना लागले, ते पुन्हा उभे राहिले. पावसाळा संपेपर्यंत त्यांना ते जमू लागले. "पाठीला डोळे नाहीत म्हणून जपून हं," बाई सांगत, "कठडा बसेपर्यंतची ही सोय आहे." पोरे पायऱ्यांवर त्यांची नक्कल करीत. काका त्यांना शिव्या देत; शिव्या तेवढ्या न अडखळता येत.

अखेर तळमजल्यावर सभा भरली. काका उतरून येऊन खुर्चीवर बसले होते.

"जिना आधीच अरुंद," अध्यक्ष म्हणाले. "त्यात पाइप आला की दोन माणसं समोरासमोर जाणार कशी?"

"रंग आत्ताच तर दिलाय," चौथ्या मजल्यावरच्या एकाने सुचवले.

"पाइप आमचाच आहे," काकू म्हणाल्या. "भोकं बुजवून रंगही आम्ही देऊ. एक पैसा मागत नाही आम्ही."

"वहिनी, प्रश्न पैशाचा नाही, पायंड्याचा आहे. आज तुम्हांला पाइप, उद्या कुणाला आणखी काही. आणि आता गरज तरी काय? काका मस्त चढतात की! उलटे का होईना, पण मी पाहिलंय माझ्या डोळ्यांनी. आमचा नातू तर त्यांचा चेलाच झालाय."

हशा पिकला. काकांचा जबडा हलत होता. "प... प... पड..." ते म्हणाले.

"पडायचं कशाला? इतके दिवस नाही पडलात ते!" अध्यक्षांनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. "चला, बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी हात वर केला, मी केला, काकांनी डावा केला. काकूंनी केला तेव्हा एका घराचे एकच मत धरले जाईल असे अध्यक्षांनी जाहीर केले. उरलेले हात मांडीवर राहिले. त्यातला प्रत्येक हात कधी ना कधी काकांनी दुरुस्त केलेल्या नळाखाली धुतलेला होता.

सभा उठली आणि सर्वांना एकदमच वर जायचे होते. काका आधी निघाले होते. पाठ जिन्याकडे, तोंड आमच्याकडे, डावा हात कठड्यावर. एक पायरी, मग श्वास, मग दुसरी. खाली रांग लागली. उलटे चढणाऱ्या माणसाला मागून येणारे सगळे समोर दिसतात, आणि मागून येणाऱ्यांनाही दुसरीकडे बघायला जागा नसते.

पहिल्या वळणाआधीच अध्यक्ष म्हणाले, "काका, जरा थांबता? आम्ही पुढे होतो."

काका थांबले. ओठ हलले, शब्द आला नाही. अध्यक्षांनी होकार धरला आणि भिंतीच्या अंगाने अंग चोरून वर सरकले. काकांचा उजवा हात तिथे लोंबत होता. दारावरचा पडदा सारावा तसा अध्यक्षांनी तो दोन बोटांनी बाजूला केला आणि पुढे गेले. त्यांच्यामागून दुसरे, तिसरे. प्रत्येकाने तो हात सारला. "छान चाललंय हं काका," एकजण म्हणाले. "हळू, घाई नाही," दुसरे घाईने म्हणाले.

सगळे गेल्यावर जिन्यात आम्ही तिघेच उरलो. तेव्हा काकांचा शब्द आला.

"नाही," ते स्पष्ट म्हणाले.

"काय नाही?" काकूंनी वरून विचारले.

"नाही... जाऊ... देत."

वर दारे एकामागून एक लागली. त्यानंतर काका तिसऱ्या मजल्यावर पोहोचले, आणि आजतागायत तिथेच आहेत. व्यायामाच्या बाईंना त्यांच्या वरिष्ठांनी दुसऱ्या रुग्णाकडे पाठवले, कारण हा रुग्ण जिना स्वतः चढतो अशी नोंद झाली आहे. ती नोंद खरीच आहे. दुकानापुढचे मित्र आधी भेटायला येत, पण तीन मजले त्यांनाही जड जातात. मी अधूनमधून वर जातो. काका दारापर्यंत येतात, उंबऱ्यात उभे राहून खाली जाणाऱ्या पायऱ्यांकडे पाहतात, आणि डाव्या हाताने दार लावून घेतात.