उत्तरेची खिडकी, दक्षिणेची उशी

सासू-सासरे वॉटफर्डला आमच्याकडे राहायला आले, त्या हिवाळ्यात सासऱ्यांनी लंडनमधलं एकही ठिकाण मनावर घेतलं नाही. राजवाडा पाहून म्हणाले, "ठीक आहे." नदीवरचा पूल पाहून म्हणाले, "मेंटेनन्स बरा ठेवलाय." पाटबंधारे खात्यात उभी हयात गेलेली, त्यामुळे पाणी आणि पूल बघून हरखून जायची त्यांना सवयच नव्हती. त्यांना हवे होते नॉर्दर्न लाइट्स. पुण्याहून निघतानाच आपल्या चुलत भावाला सांगून आले होते, "आता आकाश रंगलेलं बघूनच परत येतो."

"नॉर्वेला जाऊ या," ते म्हणाले.

"बाबा, तुमचा व्हिसा फक्त यूकेचा आहे," माझा नवरा म्हणाला. "नॉर्वेसाठी वेगळा लागेल. पण स्कॉटलंडच्या अगदी टोकाला कधीकधी दिसतात म्हणे."

या वाक्यातला 'कधीकधी' सासऱ्यांना ऐकू आला नाही. सासूबाईंना फक्त तेवढाच ऐकू आला.

"म्हणजे एवढं लांब जाऊन दिसणार नाहीत तेव्हा आपण ज्या खोलीत बसू, ती खोली धड असली पाहिजे," त्या म्हणाल्या. जागेच्या निवडीत त्यांनी लक्ष घातलं ते तिथून.

नवरा रोज ऑफिसातून प्रिंटआउट घेऊन यायचा. जेवणं झाली की कार्पेटवर कागद पसरायचे आणि आम्ही चौघं भोवती बसायचो. एक मोठं हॉटेल होतं, पण ते शहरात. "रस्त्यावरचे दिवे असतील, काय दिसणार डोंबल?" म्हणून सासऱ्यांनी ते बाद केलं. समुद्राकाठी एक लाकडी केबिन होती, फोटोत फारच गोड दिसत होती. सासूबाईंनी चष्मा लावून खालचा मजकूर वाचायला लावला. संडास पन्नास पावलांवर, बाहेर.

"मी नाही बाई या वयात बर्फातून टॉर्च घेऊन जाणार."

"अगं, पण बाहेर पडल्यावरच तर आकाश दिसतं," सासरे म्हणाले.

"मग तुम्ही जा. रात्रभर येरझाऱ्या घाला."

शेवटी स्कॉटलंडच्या टोकाला, केथनेसच्या किनाऱ्यावर एक बेड अँड ब्रेकफास्ट सापडला. बैठा बंगला, जिना नाही, बाई एकट्याच राहतात, संध्याकाळी किचन वापरू देतात, आणि मोठ्या खोलीची खिडकी थेट उत्तरेला, समुद्रावर. सासरे इतके खूश झाले की त्यांनी तो कागद घडी घालून खिशातच ठेवला. फोन करायचं काम माझ्याकडे आलं. मी नंबर फिरवणार, एवढ्यात वेम्बलीहून आणलेली मेथी निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "पलंग कसा आहे ते विचार."

"कसा म्हणजे?"

"उशी कुठल्या बाजूला येते? खिडकी उत्तरेला आहे ना? पलंग खिडकीला टेकवलेला असला तर डोकं उत्तरेला येईल. उत्तरेला डोकं करून फक्त गेलेल्या माणसाला ठेवतात."

"अगं, हे काय आता," सासरे म्हणाले.

"तुम्हीच सांगता ना सगळ्यांना की त्याच्यामागे सायन्स आहे? पृथ्वीचं चुंबकत्व! मुलाच्या लग्नात व्याह्यांना तासभर पटवून देत होतात."

सासऱ्यांनी दिलं होतं खरं तासभर भाषण. व्याही म्हणजे माझे वडील. तो तास आमच्याकडे अजून आठवतात.

मी फोन लावला. पलीकडून एक वयस्कर, घोगरा, आनंदी आवाज आला. खोली रिकामी होती. मी घसा साफ केला आणि पलंगाच्या डोक्याची बाजू कुठली असं विचारलं. पाहुणे नाश्त्याला काय मिळतं ते विचारतात, कुत्रा चालेल का ते विचारतात. हा प्रश्न बाईंना नवीन होता.

"थांब हं," त्या म्हणाल्या आणि रिसीव्हर ठेवून चालत गेल्याचा आवाज आला. परत येऊन म्हणाल्या, "उशा खिडकीखाली आहेत."

मी वळून घरात जाहीर केलं, "उशा खिडकीखाली."

"गेलं!" सासरे कोचावर टेकले. नवऱ्याने दुसरे कागद उचलले. फोनवर बाई विचारत होत्या, काही चुकलं का? मला खोटं सुचेना, म्हणून मी खरं सांगितलं. आमच्यात उत्तरेकडे डोकं करून झोपत नाहीत. ते मृत माणसाचं.

"देवा!" बाई म्हणाल्या. "त्या पलंगावर मी गेली वीस वर्षं पाहुणे झोपवतेय." आणि मग इतक्या जोरात हसल्या की सासूबाईंनाही ते ऐकू गेलं.

"काय म्हणतात त्या?"

"हसतायत."

"हसू दे. त्यांना म्हणावं, उशा दुसऱ्या बाजूला घाला. डोकं दक्षिणेला, पाय खिडकीकडे." मेथीची काडी हातात तशीच धरून त्या थांबल्या. "म्हणजे पडल्यापडल्या समोर आकाशच दिसेल की. डोकं खिडकीखाली ठेवून काय छत बघणार होतात?"

सासऱ्यांनी खिशातला कागद पुन्हा उलगडून पाहिला. ते इंजिनिअर होते. हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

मार्चच्या सुरुवातीला आम्ही ल्युटनहून विमानाने इनव्हर्नेसला आणि तिथून भाड्याच्या गाडीने वर गेलो. बाईंनी उशाच काय, अख्खा पलंग फिरवून ठेवला होता. "आता स्वतःचाही फिरवलाय," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "उगाच कशाला रिस्क?"

सासूबाई आणि त्या यांच्यात समाईक अशी एकही भाषा नव्हती, आणि त्यामुळे दोघींचं फार छान जमलं. पहिल्या सकाळी ओट्सची मीठ घातलेली खीर समोर आली. सासूबाईंनी चमचा बुडवून पाहिला, "ही तर पेज," म्हणाल्या आणि पर्समधून मेतकुटाची पुडी काढली. बाईंनीही भुरभुरवून घेतलं. सासरे मात्र खिडकीतून ढग बघत बसले होते. पहिली संध्याकाळ ढगांची गेली, दुसरी पावसाची. तिसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या, दुपारनंतर आभाळ एकदम धुतल्यासारखं मोकळं झालं.

जेवणं लवकर उरकून सासरे नि माझा नवरा गाडी घेऊन निघाले. घराच्या दिव्यांपासून दूर जायला हवं असं नवऱ्याने कुठेतरी वाचलं होतं. दूर म्हणजे गल्लीच्या टोकाला, समुद्रावरच्या कठड्याशी. सासऱ्यांनी माकडटोपी, दोन स्वेटर आणि माझा जांभळा स्कार्फ असा जामानिमा केला होता. सासूबाईंची कंबर धरली होती, म्हणून मी त्यांच्याजवळ थांबले. दिवा मालवून आम्ही दोघी पलंगावर पाय खिडकीकडे करून पडलो आणि कुणाच्या तरी लग्नातल्या मानपानावर बोलत होतो.

"ते काय गं?" सासूबाईंनी मध्येच विचारलं.

समुद्रावर एक फिकट पट्टा उमटला होता. आधी मला तो ढगच वाटला. मग तो हलला. त्याच्या खालच्या कडेला हिरवट रंग चढला, वरून लांब रेघा निघाल्या, विझल्या, पुन्हा निघाल्या. आम्ही दोघी उठून बसलो. मी तोंडावर हात ठेवला होता. सासूबाईंनी मात्र पाय खाली सोडून चपला शोधायला सुरुवात केली होती.

"आई, बघा तरी!"

"मी बघितलं. त्यांना दिसतंय की नाही ते बघायला हवं. त्यांच्यासाठी आलोय ना आपण."

कंबरेचं दुखणं कुठे गेलं कोण जाणे. साडी, त्यावर माझ्या नवऱ्याचं जॅकेट, अंगाभोवती बाईंची गोधडी, अशा त्या गल्लीतून माझा हात धरून निघाल्या. टोकाला गाडी उभी होती. काचांवर आतून धुकं साचलेलं, हीटर चालू. काच पुसून आत पाहिलं तर बापलेक दोघंही माना टाकून गाढ झोपलेले.

सासूबाईंनी काचेवर बांगड्या वाजवल्या. "अहो! उठा! आलंय ते!"

सासरे धडपडत बाहेर आले. टोपी एका डोळ्यावर घसरलेली. त्यांनी वर पाहिलं. मी वाट बघत होते की आता चुंबकत्वावर काहीतरी येईल. त्यांनी सासूबाईंचं कोपर धरलं आणि ते नुसते उभे राहिले.

बऱ्याच वेळाने सासूबाई म्हणाल्या, "मोतीबिंदू काढलेल्या या डोळ्याने हिरवं दिसतंय. दुसऱ्याने पांढरंच." त्या एकेक डोळा झाकून बघत होत्या. मग सासऱ्यांनीही एक डोळा झाकला, दुसरा झाकला. दोघंही आळीपाळीने तेच करत राहिली. माझा नवरा कॅमेऱ्याची बटणं दाबत होता. त्याला मिळाले ते सगळे फोटो काळेकुट्ट. आम्ही थंडीत किती वेळ उभे होतो सांगता येणार नाही, पण परतताना सासऱ्यांचे ओठ नीट हलत नव्हते, आणि तरीही ते मागे वळून वळून बघत होते.

सकाळी बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अरे वा, काल आले होते का? मी टीव्ही बघत होते."

सासऱ्यांनी कॉलिंग कार्डावरून पुण्याला फोन लावला. पलीकडे तोच चुलत भाऊ. "अरे, काल दिसलं. म्हणजे काय सांगू... असं पूर्ण आकाश... म्हणजे हिरवा..." एवढं बोलून ते अडकले. त्यांनी रिसीव्हर सासूबाईंच्या हातात दिला.

"भावोजी," सासूबाई म्हणाल्या, "दांडीवर लांबच लांब हिरवी साडी वाळत घातलीये आणि खालून वारा लागतोय, तसं."

पलीकडून काहीतरी प्रश्न आला असावा. "हो, जागा? जागा उत्तम. बाई फार लाघवी," म्हणून त्या खुर्चीवर नीट बसल्या आणि किचन, गरम पाणी, टॉवेल असं सगळं सविस्तर सांगू लागल्या. सासरे बाजूला हात पुढे करून उभे होते. त्यांना आता शब्द सुचले होते.