चेंबरमधली नळी

कविता लोधीपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये रक्त काढते. तिचा हात हलका. सुई कधी गेली ते पोरांनाही कळत नाही. त्या शनिवारी मात्र समोर तिचे बाबा होते.

गिरधरभाऊंनी उभा जन्म केळी पिकवण्यात घातला. घडाला नुसतं बोट लावून ते सांगत, हा परवा पिवळा होईल. हल्ली मंडईतून घरी येताना ते रस्ता चुकत. हे वयाचं विसरणं की आजार, ते कविताला जाणून घ्यायचं होतं. चाचणी इंदूरला व्हायची होती. रक्तातलं पिवळसर पाणी वेगळं करून, गोठवून पाठवायचं.

बाबांनी विचारलं, त्यात बघतात काय? तिने सांगितलं. या आजारात मेंदूतलं एक प्रथिन रक्तात कणभर वाढतं. चाचणीतलं एक प्रतिपिंड त्याला धरून ठेवतं. दुसरं वरून येऊन चिकटतं आणि उजेड देतं. जितका उजेड, तितकं प्रथिन. बाबा ऐकतच राहिले.

रविवारी ती इच्छापुरला देवीला गेली आणि इकडे लॅबचा फ्रीजर बंद पडला. तिच्या भावाने, पंकजने, तिथली बाबांची गोठवलेली नळी उचलून घरच्या चेंबरमध्ये, केळी पिकवायच्या थंड खोलीत, ठेवली. त्या घरात लग्नाचं श्रीखंड, आजीचं इन्सुलिन, सगळं तिथेच राहत आलेलं.

कविता परतली. चेंबरच्या भिंतीवर अठरा डिग्री. केळीला ही थंडी, पण नळीतलं पाणी केव्हाच वितळलं होतं. आता येणाऱ्या आकड्यावर भरवसा ठेवता येणार नव्हता.

"पाठवून दे ना ताई," पंकज म्हणाला. "कुणाला पता चलेल?"

"मला."

ती बाबांकडे गेली. परत सुई टोचायची, म्हणून कारण सांगितलं.

"माल तापला म्हण की," ते म्हणाले. "मग तो गेला. नवा भर." आणि बाही वर केली.

नळी भरताना त्यांनी विचारलं, यात बघतात काय? जणू पहिल्यांदाच. कविताने पुन्हा सगळं सांगितलं, तितक्याच सावकाश. पंकज दाराशी मान खाली घालून उभा.

बाबा नळीकडे बघत होते.

"आणि तो उजेड," ते म्हणाले, "एवढासा. डोळ्याला दिसतो का?"

हे त्यांनी शनिवारी विचारलं नव्हतं. कविताने नळीवर नाव लिहिलं, डब्यात बर्फ भरला आणि त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसली.

"नाही दिसत, बाबा," ती म्हणाली. "सांगते."