तीन अँटिव्हायरस आणि मेथीची एक जुडी

मी पोचलो तेव्हा सुनंदावहिनी कॉम्प्युटरचं बटण दाबून मेथी निवडायला बसल्या होत्या.

"बसा भाऊ," त्या म्हणाल्या. "एक जुडी निवडून झाली की हा सुरू होते."

मी घड्याळ बघत बसलो. अकरा मिनिटं लागली. जुडी खरंच संपत आली होती.

ही गोष्ट कॅनडातल्या सरेमधली, मी एका कॉम्प्युटरच्या दुकानातर्फे घरोघरी दुरुस्तीला जायचो तेव्हाची. तेव्हा बऱ्याच घरांत सगळ्यांना मिळून एकच कॉम्प्युटर असायचा. येणारा-जाणारा प्रत्येक नातेवाईक त्याला हात लावून जायचा.

खानझोडे मंडळी मूळची नागपूरची. भास्करराव एका वेअरहाउसमध्ये सुपरवायझर होते. थोरली मुलगी लग्न होऊन कॅल्गरीला गेलेली. धाकटी मृणाल घरी, आणि तिचं एडमंटनच्या एका मुलाशी ठरत आलेलं. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती. प्रश्न मुलाच्या अमरावतीच्या आईवडिलांचा होता. त्यांच्याशी पहिला व्हिडिओ कॉल झाला आणि पाच मिनिटांत चित्र अडकलं.

"माझं तोंड उघडं असताना अडकलं जी," वहिनी म्हणाल्या. "जांभई आली होती मला. पुढे सगळा वेळ त्यांना तेच दिसत राहिलं. त्यांनी मध्यस्थाला विचारलं, मुलीच्या आईला आमच्याशी बोलायचा कंटाळा आहे का."

"आई, रिलॅक्स. दे वेअर लाफिंग," मृणाल म्हणाली.

"हसत होते तेच तर सांगतेय मी."

दुसरा कॉल रविवारी होता. त्यात एकतर तारीख ठरणार होती, नाहीतर मंडळी 'बघू, कळवतो' म्हणणार होती. त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. आणि आज शुक्रवार.

मी आधी इंटरनेट तपासलं. ते व्यवस्थित होतं. मग दुकानाचे मालक हरजीतसिंग यांना फोन केला, कारण त्यांना वेळेचा अंदाज द्यावा लागे.

"फॉर्मॅट मारो और निकलो," ते म्हणाले. "अगला कस्टमर वेट कर रहा है."

फॉर्मॅट म्हणजे मशीन कोरं करून सगळं पहिल्यापासून भरायचं. काम उरकतं, पण बिघाड कशाने झाला ते कळत नाही, आणि जे कळत नाही ते परत येतं. शिवाय कॅल्गरीच्या नातवाचे सगळे फोटो त्याच मशीनवर होते. मी सांगितलं, मला अजून वेळ लागेल. पलीकडून नुसता सुस्कारा आला.

मशीनमध्ये ५१२ एमबी मेमरी होती. मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. कपाटं कितीही असोत, एका वेळी काम होतं ते ओट्यावर. आता समजा, रोज लागत नाहीत अशीही पातेली ओट्यावरच मांडून ठेवली, तर पोळ्या लाटायच्या कुठे? स्क्रीनवर दिसत नाहीत पण मागे चालू राहतात, असे बॅकग्राउंड प्रोग्रॅम म्हणजे ही पातेली. टास्क मॅनेजर उघडला की कोणी किती जागा अडवली ते दिसतं. मी उघडला. ओटा भरून गॅसवरसुद्धा पातेली होती.

त्यांत तीन होती अँटिव्हायरसची.

अँटिव्हायरस हा इमारतीच्या गेटवरचा वॉचमन. एक असला की येणाऱ्याची पिशवी तपासतो. तीन असले की तिघे पिशवी तपासतात, आणि मग एकमेकांच्या पिशव्या तपासतात. दिवसभर. व्हिडिओ कॉल बिचारा गेटवरच उभा.

"तीन कशाला?" मी विचारलं.

"पहिलं माझं," भास्करराव म्हणाले. "मशीनबरोबर आलेलं. ओरिजिनल."

"दुसरं माझ्या भावानं टाकलं," वहिनी म्हणाल्या. "मागच्या उन्हाळ्यात आला होता ना तो. आणि तिसरं जावयांचं."

"यातलं एकच ठेवता येईल."

"मग ओरिजिनल ठेवा," भास्करराव म्हणाले.

"म्हणजे माझ्या भावाचं काढायचं?"

"तुझ्या भावाचं काढायला मी कुठं म्हटलं? मी माझं ठेवायला म्हटलं."

"आणि जावयांचं तर काढायचंच नाही," वहिनींनी मला सांगितलं. "रविवारी ते येणार आहेत. आल्याबरोबर स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात त्याचं चिन्ह बघतील."

मी दोघांना बोलू दिलं आणि काम चालू ठेवलं. एका वेळी एकच अँटिव्हायरस चालू ठेवायचा, मशीन पुन्हा सुरू करायचं आणि वेळ बघायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं ते सांगता येत नाही. सगळ्यांत हलका निघाला भावाचा. भास्कररावांचा मधला. जावयांचा एकटाच बाकी दोघांना मिळून लागेल तेवढी जागा खात होता.

हे वहिनींना सांगायचं कसं? मी म्हटलं, "जावयांना फोन लावा. स्पीकरवर. तेच ठरवू देत."

अमोलराव कॅल्गरीत सॉफ्टवेअरमध्ये होते. मी आकडे सांगितले.

"ते अजून आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. तुम्ही स्वतः तेच वापरता का?"

"नाही हो. मी त्या वेळी आलो तर बाबा जेवताना म्हणाले, तुम्ही कॉम्प्युटरमधले, जरा आमचा बघा. जेवण झाल्यावर पुन्हा म्हणाले. मशीनमध्ये तसं काही बिघडलेलं नव्हतं. पण काहीतरी केल्यासारखं दिसायला हवं ना."

"मग आधीचे दोन काढले का नाहीत?"

"मामांचं कसं काढणार? आणि बाबांचं तर त्याहून नाही."

भास्करराव छताकडे बघत होते. वहिनींनी लगेच भावाला नागपूरला फोन लावला. त्यानंही तेच सांगितलं: मेव्हण्याच्या घरात येऊन मेव्हण्याचं काढायचं कसं, म्हणून शेजारी आपलं ठेवलं.

म्हणजे व्हायरस एकही नव्हता. नुसता मान राखला होता, तीनदा.

भावाचा ठेवला, बाकी दोन काढले. भास्करराव म्हणाले, "राहू द्या, घरात नाहीतरी तिच्याच भावाचं चालते." वहिनींनी एकच विनंती केली: जावयांच्या प्रोग्रॅमचं चिन्ह तरी स्क्रीनवर असू द्या. चिन्ह जागा खात नाही. मी ते राहू दिलं. दाबलं तर काही उघडणार नव्हतं.

मशीन पुन्हा सुरू केलं. वहिनींनी दुसरी जुडी सोडली होती. चार काड्या निवडून होतात तोवर कॉम्प्युटर सुरू झाला.

"एवढ्यात?" त्या म्हणाल्या. "मग भाजी कधी निवडू मी?"

रविवारी कॉल दीड तास चालला. चित्र एकदाही अडकलं नाही. वहिनी सगळा वेळ ताठ बसून हसत होत्या, इतक्या की समोरच्यांनी विचारलं, पुन्हा अडकलं का. तारीख ठरली. मला पेढे आले. हरजीतसिंगनी त्यातले चार खाल्ले आणि म्हणाले, "फॉर्मॅट से भी हो जाता."

लग्न उन्हाळ्यात झालं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला.

"भाऊ, पुन्हा अख्खी जुडी लागते जी."

गेलो. कोपऱ्यात नवीन चिन्ह होतं. धाकटे जावई दिवाळसणाला आले होते. चार दिवस गोडधोड, नवे कपडे, पाटाभोवती रांगोळी. भास्कररावांनी जेवताना सहज म्हटलं, जरा आमचा कॉम्प्युटर बघता का. जावयांनी थोरल्या साडूंचं चिन्ह दाबून बघितलं. उघडेना. त्यांना वाटलं, बिघडलंय. म्हणून त्यांनी दुसरा टाकला. मामांचा अर्थातच काढला नाही.

"हे काढू?" मी विचारलं.

वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जावयांच्या खालचा पाट काढून घ्यायला आलोय.

शेवटी भास्कररावांनी मेमरी दुप्पट करून घेतली. एकूण विचार करता तोच उपाय शांततेचा होता.

तेव्हापासून नव्या घरी गेलो की मेमरी किती हे विचारायच्या आधी मी विचारतो, घरात लग्नाचं कोणी आहे का. लोकांना वाटतं माझ्याकडे स्थळ आहे. चहा चांगला मिळतो.