देवकाते सरांचे नाक

देवकाते सर पुस्तक वाचण्याआधी ते हुंगत. बारामतीच्या आमच्या महाविद्यालयात ते रसायनशास्त्र शिकवीत आणि मी ग्रंथपाल होतो. मी पुस्तक काउंटरवर ठेवले की ते मधोमध उघडायचे, डोळे मिटून पानांच्या बेचक्यात नाक खुपसायचे आणि मगच सही करायचे. मी नवा असताना एकदा न राहवून विचारले, "सर, काय शोधता?" त्यावर म्हणाले, "तांबोळी, हे पुस्तक गेल्या पावसाळ्यात खिडकीपाशी होतं. आणि माझ्याआधी ज्यानं नेलं, तो तपकीर ओढतो." खिडकीचे खरे होते. आणि आधी ते पुस्तक नेणारे हिशेबनीस तपकीर ओढत, हे साऱ्या कॉलेजला ठाऊक होते.

सर गेले त्याला आता वर्ष होत आले. त्यांच्याविषयी लिहायचे असे तेव्हापासून मनात होते, पण लिहायला बसलो की ते नाक वर करून समोर उभे राहत आणि मी हसू लागे. शोकात हसू यावे हे बरे की वाईट, कुणास ठाऊक. त्यांना विचारले असते तर म्हणाले असते, "वासाला लाज नसते, तांबोळी. जे आहे तेच येतं."

ते मूळचे निमगाव केतकीजवळच्या एका वस्तीवरचे. वडिलांची मेंढरे होती. कोणते कोकरू कोणत्या मेंढीचे, हे वडील अंधारात नुसत्या वासावर सांगत. "आमच्याकडं घड्याळ नव्हतं, नाक होतं," असे सर सांगायचे. ते शिकले, प्राध्यापक झाले, बारामतीत घर बांधले. मेंढरे केव्हाच गेली. नाक तेवढे वारशाने उरले.

गावाकडे त्यांचा एक शाळासोबती होता, हणमंतराव. मोठी द्राक्षबाग होती त्यांची. नव्वद सालानंतर जरा हौसेने आणि बरेचसे हट्टाने त्यांनी बागेतल्या शेडमध्ये छोटीशी वायनरी काढली. चार टाक्या, द्राक्षे पिळायचे एक यंत्र आणि थंडाव्याची एक कुरकुरणारी मशीन. गाव त्याला दारूचा कारखाना म्हणे. हणमंतराव चिडून सांगत, "दारू न्हाय, वाइन हाय ती!" गाव म्हणे, "व्हय व्हय, तीच."

वाइन चाखून तिला वीसपैकी मार्क द्यायचे काम सरांकडे होते, आणि मला त्यात त्यांनीच ओढले. मी पीत नाही, आमच्यात चालत नाही, हे सांगितल्यावर उलट खूश झाले. "म्हणूनच तुम्ही पाहिजेत. बाटल्या झाकायच्या, आकडे घालायचे आणि तोंड मिटून बसायचं. चाखणाऱ्याला बाटलीचं नाव दिसलं की जीभ आधीच मत देऊन बसते." पहिल्याच दिवशी त्यांनी मला शेडच्या दारातून परत पाठवले. कारण माझे केसांचे सुवासिक तेल. मी हौदावर डोके धुऊन आलो, तेव्हा आत घेतले. उदबत्ती बंद, वेलदोडा बंद, हणमंतरावांचा तंबाखूचा बटवा बाहेर लिंबाच्या फांदीला टांगलेला. मार्क लिहायला प्रत्येकाला शाळेची दगडी पाटी. त्यावर खडू चालत नसे, खडूचा वास येतो म्हणून, पेन्सिलच लागे. सगळ्यांनी एकदम पाट्या वळवायच्या आणि बघून झाले की पुसायच्या. "मार्क जपून ठेवू नयेत. माणूस पुढच्या वेळी त्यांनाच धरून बसतो."

चाखलेली वाइन थुंकायची असते. त्यासाठी माझ्या आजोबांची पितळी पिकदाणी नेली होती. सरांनी तीही हुंगली. "तीन पिढ्यांचं पान आहे हिच्यात. चिंच लावून आणा."

ज्या बैठकीमुळे पुढचे सगळे घडले, ती या शेडमधलीच. थंडाव्याची मशीन बसवायला एक जर्मन गृहस्थ आले होते. त्यांच्या घरची, तिकडच्या थंड डोंगरउतारावर, अशीच लहानशी वायनरी होती. जाताना त्यांनी आपल्या घरच्या पांढऱ्या वाइनच्या काही बाटल्या हणमंतरावांना भेट दिल्या. त्यांतल्या पाच उघडायच्या ठरल्या. चाखायला तिघे बसणार होते: सर, स्वतः हणमंतराव आणि साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतले जगताप. सकाळी हणमंतरावांनी मला बाजूला घेतले आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली आणखी एक बाटली हातात दिली. त्यांची स्वतःची. "ही बी मधी घाला त्या पाचांत. कितवी ते मला बी सांगू नका. सोपानाला तर अजिबात न्हाय." सोपान म्हणजे सर.

पहिला पेला सरांनी नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. "कैरी चिरल्यावर कोयीपाशी येतो तो वास. आणि मागं पावसात भिजलेला दगड."

"दगडाला कुठं वास असतोय का, सर?" जगताप.

"मेंढरं राखून बघ, जगताप. दगडालाही असतो, आणि प्रत्येकाचा वेगळा."

अशा तीन झाल्या. चौथा पेला आला. सरांनी हुंगला, घोट फिरवला, पिकदाणीत टाकला. "ही उन्हात उभी राहून दमलीय. गोड आहे, पण त्या गोडाच्या मागं कुणी उभं नाही. मनुकांचं पाणी."

"मला तर हीच पटली बुवा," हणमंतराव म्हणाले. "बाकीच्या निस्त्या चिंचंचं सार हायत."

पाट्या वळल्या. जगतापांचे दहा, हणमंतरावांचे सतरा, सरांचे सात. सहाही पेले झाल्यावर मी बाटल्यांवरची फडकी काढली. चौथीवर हणमंतरावांच्या पुतण्याने रंगवलेला द्राक्षांचा घड होता.

हणमंतरावांनी बाटली उचलून तो घड अंगठ्याने पुसला. मशीन कुरकुरत होती.

"सोपाना," हणमंतराव म्हणाले, "माझ्या द्राक्षाच्या गोडीसाठी पुण्याचं व्यापारी बांधावर येऊन बसत्यात. अन् तू गोडीलाच नावं ठिवतोस?"

"खायच्या द्राक्षाला न्हाय ठेवत, हणमंता. खायच्या द्राक्षाला तुझ्यासारखा हात न्हाय तालुक्यात. पर ही वाइन हाय. त्या थंड मुलखात द्राक्ष सावकाश पिकतं. गोडी येते तरी आंबटपणा टिकतो. आपल्याकडं उनाला घाई. तू बाजारासाठी थांबतोस तसाच हितंबी थांबलास, अन् सगळा आंबटपणा निघून गेला. जरा आधी काढ. पहाटंच्या गारव्यात."

"आंबाट द्राक्षं काढू? गाव हसंल मला!"

"हसंल."

जेवण तयार होते, ते आम्ही जेवलो. वाढताना हणमंतराव सरांच्या ताटाकडे बघत नव्हते. परतीच्या एस.टी.त लासुर्णे येईपर्यंत सर खिडकीबाहेर नाक काढून बसले होते. मग म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं, तांबोळी."

"होतं."

"बरं झालं सांगितलं नाहीत. सांगितलं असतं तर मी बारा दिले असते. आणि वाइन सातचीच राहिली असती."

त्यानंतर दोघा मित्रांचे येणेजाणे थांबले. पुढच्या माघात मात्र जगताप बातमी घेऊन आले: हणमंतरावांनी बागेतला वाइनच्या द्राक्षांचा तुकडा आंबट असतानाच, पहाटे तोडला. गाव खरोखरच हसत होते. द्राक्षाचे लोणचे घालणार का, असे बाजारात लोक त्यांना तोंडावर विचारत होते. सरांनी ऐकून घेतले आणि नाकाच्या शेंड्याला बोट लावले. फार आनंद झाला की ते असे करीत.

आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात सरांचे नाक गेले.

साधा ताप आणि पडसे. ताप उतरला, पडसे गेले, पण वास परतला नाही. आधी कोणाला सांगितले नाही त्यांनी. एक दिवस प्रयोगशाळेत मुलांच्या हातून कुजक्या अंड्याच्या वासाचा तो वायू सुटला. सारा वर्ग रुमाल लावून दाराकडे धावला आणि सर त्या उपकरणाशेजारी उभे राहून शिकवीत राहिले. त्या दिवशी सगळ्यांना कळले. मला त्याच्या आधीच कळले होते. त्यांनी पुस्तक न हुंगताच सही केली होती.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले, येईल, कदाचित येणारही नाही. सर रोज सकाळी हिंग, कापूर, रॉकेल ओळीने मांडून हुंगत आणि ओळीने परत ठेवत. जेवण म्हणजे भिजवलेले पीठ, असे म्हणायचे. मी त्यांना तेवढे उतरलेले कधी पाहिले नव्हते.

अशात गणपतीच्या सुमारास हणमंतराव बाटली घेऊन बारामतीला सरांच्या घरी आले. मी तिथेच होतो. वर्ष-दीड वर्षाने उंबरा ओलांडलेला माणूस, पण बसलेही नाहीत. "घे. तुज्या सांगण्यावरनं काढली. मार्क दे."

"हणमंता, मला वास येत न्हाय."

"मग जिबंनं सांग."

"नाकाबिगर जिभेला गोड, आंबट, खारट, कडू, एवढंच कळतं. त्याच्यावर मार्क दिलं तर ते खोटं हुतील."

"नाक गेलं म्हणं! सरळ म्हण की द्यायचं न्हाईत. सात देताना बरं होतं तुजं नाक!"

सरांच्या पत्नी सुमनवहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "भावजी, खरंच गेलंय हो. परवा गॅस चालू राहिला तरी यांना पत्ता नव्हता."

हणमंतराव थोडे नरमले, पण उभेच राहिले. "माघात परत तोडणी हाय. गावाचं हसणं मी एक साल सोसलं. चांगली झाली का वाईट, हे तुज्याशिवाय कोण सांगणार मला? जगताप समद्याला धाच देतोय. तू बोलला न्हाईस, तर मी पैल्यासारखी गोड हुईस्तवर ठेवणार." दारातून वळून म्हणाले, "आलं नाक तर कळव. न्हाय आलं तर वहिनी, घाला ती भाजीत."

बाटली कपाटात आडवी पडून राहिली. मी एकदा सुचवले, अंदाजाने काहीतरी सांगा, त्यांना धीर येईल. सर म्हणाले, "तांबोळी, तुमच्याकडं कोणी न वाचलेल्या पुस्तकाचं मत विचारलं तर?"

दिवाळी झाली. एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. सुमनवहिनी कुंपणापाशी शेजारणीशी बोलत होत्या. सरांनी एकाएकी मान वर केली. नाकपुड्या हलल्या. मग ते अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "दूध लागलं."

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. ते ओरडले, "सुमन! दूध लागलं!"

वहिनी धावत आत गेल्या आणि पातेले चिमट्यात धरून तशाच बाहेर आल्या. ते सरांच्या नाकाखाली धरून म्हणाल्या, "काय येतंय? सांगा, काय येतंय?"

"करपलेलं दूध. आणि..." सरांनी पुन्हा हुंगले. "कालची मेथी. पातेलं नीट घासलं नाहीस."

"घासते हो! शंभर वेळा घासते!" वहिनी रडत होत्या आणि हसत होत्या. त्या करपलेल्या दुधाचाच चहा आम्ही तिघे प्यालो. मला तो जेमतेम घशाखाली उतरला. सरांनी दोन कप घेतले.

पुढच्या महिनाभरात एकेक वास परत येत गेला. शेवटी त्यांनी माझ्याकडून एक जाडजूड जुना कोश मागून घेतला, उघडला, हुंगला आणि न वाचताच परत केला. "चला निमगावला."

त्या जर्मन पाहुण्याच्या बाटल्यांपैकी एक उरली होती. ती आणि कपाटातली, सरांनी दोन्ही झाकायला लावल्या. एकटी बाटली चाखायची नाही म्हणाले. तंबाखूचा बटवा फांदीवर गेला. सरांनी पहिली हुंगली, चाखली, थुंकली. दुसरी हुंगली. पुन्हा हुंगली. पाट्या वळल्या. सरांच्या पाटीवर पहिलीला पंधरा, दुसरीला चौदा. हणमंतरावांनी दोघींना पंधरा दिले होते. "मला फरकच कळंना," ते म्हणाले.

मी फडकी काढली. द्राक्षाचा घड दुसरीवर होता.

"एका मार्कानं!" हणमंतराव म्हणाले.

"एका मार्कानं," सर म्हणाले. "हिच्यात कैरी हाय, हणमंता. अजून दगड न्हाय."

"दगड रग्गड हायत माज्या रानात! बघ पुढच्या साली!" आणि त्यांनी सरांना असे कवटाळले की पिकदाणी लवंडली. त्या माघात त्यांनी पहाटे तोडणी केली आणि सर स्वतः मफलर गुंडाळून बांधावर उभे होते.

वायनरी पुढे काही वर्षे चालली, मग बंद झाली. सर निवृत्त झाले, थकले. गेल्या हिवाळ्यात ते दवाखान्यात असल्याचे कळले तेव्हा मी पुतणीच्या लग्नात होतो; तसाच गेलो. हणमंतराव बाहेर बाकावर बसले होते. "वळखत न्हाय कुणाला," म्हणाले. "मला बी न्हाय."

आत सर डोळे मिटून पडले होते. मी जवळ बसलो, हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने त्यांच्या नाकपुड्या हलल्या.

"अत्तर," ते पुटपुटले. "कुणाचं लग्न, तांबोळी?"

मी सांगितले. त्यांनी मान हलवली. मग बाहेर येऊन हणमंतरावांना म्हणालो, "आत जा. बटवा खिशातच ठेवा."