कॅप्टनची शिदोरी

आमच्या गावात कॅप्टन ॲल्व्हा स्टिम्पसनना कुणी वाईट म्हटलेलं मी ऐकलं नाही. चांगलंही कुणी बोलत नसे. ते दुकानात शिरले की शेगडीभोवतीच्या गप्पा थांबत आणि ज्याला त्याला एकदम घरची कामं आठवत.

लढाईआधी ते खोगिरं शिवायचे. दक्षिणेकडच्या राज्यांशी युद्ध पेटलं तशी गावच्या पोरांची तुकडी उभी राहिली आणि पोरांनीच हात वर करून त्यांना कॅप्टन निवडलं. तेव्हा तशीच रीत होती. व्हर्जिनियातल्या एका ओढ्याकाठी एका सकाळीच ती तुकडी कापली गेली. कॅप्टन लंगडत परतले, सोबत दोघं. ते दोघंही पुढे पश्चिमेला जमिनी घ्यायला निघून गेले. हल्ल्याचा हुकूम वरून आला होता, कॅप्टनची चूक नव्हती. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मग गावाने त्यांना विधानसभेवर पाठवलं. दरसाल बिनविरोध. ऑक्टोबरात ते राजधानीला निघत तेव्हा बायका दाराशी शिदोरी ठेवत: चीज, डोनट, ॲपल पाय. माझा नवरा लोहार, जिभेचा तिखट. म्हणायचा, "फिल्युरा, वाटेसाठी एवढं देतात, पण जेवायला ये म्हणून एक घर म्हणत नाही."

सुरुवातीला कॅप्टन खूश असत. चार लोकांत मान आहे असं वाटायचं बिचाऱ्यांना. पण डोळे असलेल्या माणसाला किती वर्षं कळणार नाही?

एका रविवारी चर्चच्या पायरीवर त्यांनी केझाया मावशींना गाठलं. मावशींची दोन्ही पोरं त्या ओढ्याकाठी राहिली. मी मागेच होते.

"मावशी, माझ्यावर राग आहे का?"

"नाही रे ॲल्व्हा. राग कसला? तू एवढासा होतास तेव्हापासून बघतेय तुला." मावशी हातमोजे ओढत राहिल्या. "पण तू दिसलास ना, की मी तुझ्या मागे बघते. पोरं कुठं राहिली म्हणून."

सप्टेंबरच्या निवडणुकीच्या सभेत कॅप्टन उभे राहिले. "यंदा दुसऱ्या कुणाला पाठवा," ते म्हणाले. "मला आता इथंच राहायचंय. तुमच्यात."

चिठ्ठ्या पेटीत पडल्या. नवरा घरी आला तो जेवलाच नाही. कॅप्टन पुन्हा निवडून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन त्यांच्या घरावरून चालले होते. पायरीवर टोपली होती, वर केझाया मावशींचा निळा चौकड्यांचा रुमाल. कॅप्टन दारात उभे राहून तिच्याकडे बघत होते. मला पाहून त्यांनी टोपी उचलली. मी मान खाली घालून पुढे चालत राहिले.

अधिवेशनाला अजून महिना होता. ते दुपारच्याच गाडीने गेले.